पॉवर विंडो बंद पडली? मोटर बदलायच्या आधी हे तपासा

आंबा घाटात, जुलैच्या पावसात, माझ्या गाडीची ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईचना. बाहेरचा आरसा पुसायला म्हणून उतरवली होती. बटण ओढलं, दाबलं, पुन्हा ओढलं. काच हलली नाहीच, मोटरचा आवाजही नाही. साखरप्याला एका दुकानदाराने जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी दिली, त्यावर आम्ही रत्नागिरी गाठली. तोवर माझी उजवी बाजू खांद्यापासून चपलेपर्यंत भिजली होती, आणि सीटचा फोम पुढे आठ दिवस कुबट वास मारत होता.

पुण्याला परतल्यावर गाडी गॅरेजला दिली. त्यांनी मीटर लावला, मोटरपर्यंत १२ व्होल्ट येत होते, म्हणजे मोटर गेली, असं ठरलं. नवी मोटर आणि मजुरी मिळून ३,८०० रुपये झाले. पंधरा दिवसांनी काच पुन्हा बंद. या खेपेला एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी हातात हत्यार घेतलंच नाही. "बटण ओढून धरा, सोडू नका," म्हणाले आणि दार हळूहळू उघडत गेले. दार अर्धं उघडलं तशी काच सर्रकन वर निघाली. दार आणखी थोडं ओढलं, काच जागच्या जागी थांबली. दार आणि गाडीच्या मध्ये जी रबरी नळी असते, तिच्या आत वायर तुटली होती. अर्ध्या तासात काम झालं, दोनशे रुपये घेतले.

माझी आधीची मोटर बहुधा चांगली होती. ती मी गॅरेजमध्येच सोडून आलो होतो.

त्यानंतरच्या चार वर्षांत घरच्या आणि ओळखीच्यांच्या बऱ्याच गाड्यांच्या काचा मी स्वतः तपासल्या, काही दुरुस्त केल्या. त्यातून तपासणीचा जो क्रम हाताला बसला तो खाली देतोय. मोटर हा महाग भाग आहे, म्हणून तिच्यापर्यंत शेवटी जायचं. बॅटरीपासून मोटरपर्यंत वीज ज्या वाटेने येते, ती वाट आधी पाहायची.

दारात काय काय असतं

एवढं माहीत असलं की मेकॅनिक काय म्हणतोय ते कळतं. बॅटरीतून वीज फ्यूजमधून आणि बहुतेक गाड्यांत रिलेमधून (थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा छोटा डबीसारखा स्विच) ड्रायव्हरच्या दारावरच्या मुख्य स्विचला येते. काही गाड्यांत हे स्विच दोन सीटांच्या मध्ये असतात. तिथून वायरी प्रत्येक दाराच्या स्विचला आणि मग त्या दारातल्या मोटरला जातात. काच वर-खाली नेणारी लोखंडी किंवा तारेची जी रचना असते तिला पुस्तकात रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजमध्ये आणि स्पेअर पार्टच्या दुकानात ‘मशीन’. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिला बीडिंग म्हणा, चॅनल म्हणा. दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण म्हणजे डोअर पॅड.

मोटरला साधारण दोनच वायरी असतात. एका दिशेने वीज दिली की काच वर, उलटी दिली की खाली. ही उलटापालट स्विच करतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

काय काय जवळ हवं

- गाडीचं मालकाचं पुस्तक. फ्यूजचा तक्ता त्यात असतो. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं.
- आरसी आणि वॉरंटीचे कागद. पार्ट घ्यायला जाताना मॉडेल, व्हेरियंट, बनावटीचा महिना-वर्ष आणि चासी नंबर लागतो.
- टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येतेय का हे पेटून दाखवणारा दिवा. विकतचा नको असेल तर इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी पुरतात.
- साधा मल्टिमीटर, व्होल्ट मोजायला.
- फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरची गोटी (नटावर बसणारा सॉकेट पाना), फ्यूज काढायचा चिमटा. हा चिमटा बहुतेक वेळा फ्यूज बॉक्सच्या झाकणातच अडकवलेला असतो.
- डोअर पॅड उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पॅडवर आणि रंगावर ओरखडे उठतात.
- कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या पिना साफ करायला) आणि सिलिकॉन स्प्रे (रबरासाठी), दोन वेगळे डबे.
- रुंद चिकटपट्टी आणि टॉर्च.

गाडी वॉरंटीत असेल तर पायरी ४ च्या पुढे स्वतः जाऊ नका. फ्यूज बघणं वेगळं आणि वायर कापणं वेगळं. वायर कापलेली दिसली की क्लेम नाकारायला कारण मिळतं.

१. काच खाली अडकली असेल तर आधी ती वर आणा

पाऊस असो वा रात्रीचं पार्किंग, शोधाशोध नंतर. एकाला बटण ‘वर’च्या दिशेने धरून बसायला सांगा. तुम्ही दार किंचित उघडून काचेच्या दोन्ही बाजूंना तळवे दाबा आणि काच वर ओढा. काच पूर्ण आत गेली असेल तर वरची कड बोटांच्या चिमटीत येते का बघा. रबरच्या घर्षणामुळे अडलेली किंवा अशक्त झालेली मोटर एवढ्या मदतीने बऱ्याचदा काच वर नेते.

यातच पहिलं निदानही होतं. मोटरच्या गिअरची ठेवण अशी असते की मोटर काच हलवू शकते, पण काच ओढून मोटर फिरत नाही. म्हणून काच हाताने सहज वर-खाली सरकली तर मशीनची तार तुटलीय किंवा काच मशीनच्या पकडीतून सुटलीय, हे जवळजवळ नक्की. दगडासारखी घट्ट बसली असेल तर मशीन बहुधा शाबूत आहे आणि अडचण विजेची किंवा मोटरची आहे.

हाताने सरकणारी काच वर नेऊन धरली की चिकटपट्टीच्या दोन-तीन पट्ट्या उभ्या लावा: काचेच्या बाहेरून वर, चौकटीवरून पलीकडे, आतल्या बाजूला. आधी काच कोरडी पुसा, ओल्या काचेवर कुठलीच पट्टी टिकत नाही. रंगावर चिकटवलेली पट्टी उन्हात दिवसेंदिवस ठेवू नका, डाग राहतो. काच वर येतच नसेल तर प्लास्टिक लावावं लागतं. ड्रायव्हरच्या बाजूला ते पारदर्शक हवं आणि त्यातून आरसा दिसायला हवा. दिसत नसेल तर गाडी हलवू नका, पाऊस ओसरेपर्यंत थांबा.

२. एकच काच बंद आहे की सगळ्या?

हा प्रश्न निम्मं काम करतो. गाडीची चावी ऑन करा, शक्यतो इंजिन चालू ठेवा, आणि प्रत्येक काच दोन्हीकडून चालवून बघा: ड्रायव्हरच्या मुख्य स्विचवरून आणि तिच्या स्वतःच्या स्विचवरून. कागदावर लिहून ठेवा. चार काचा, दोन जागा, दोन दिशा म्हटल्यावर डोक्यात गोंधळ होतो.

ड्रायव्हरची काच चालते, बाकी दारांवरची बटणं मेलेली: मुख्य स्विचवर काचेचं किंवा कुलपाचं चित्र असलेलं लॉकचं बटण बघा. लहान मुलांसाठीचं ते बटण गाडी पुसताना हमखास दाबलं जातं. माझ्या मावसभावाने यासाठी रविवारची सकाळ गॅरेजबाहेर रांगेत घालवली होती.

सगळ्याच काचा बंद: फ्यूज, रिले किंवा मुख्य स्विचची वीज. चार मोटरी एकाच दिवशी जळत नाहीत. कोणी तसं सांगितलं तर गाडी तिथून काढा.

काच मुख्य स्विचवरून चालते, तिच्या स्वतःच्या स्विचवरून नाही: त्या दाराचा स्विच. उलट असेल तर मुख्य स्विच.

फक्त वर जाते किंवा फक्त खाली येते: मोटर दोन्ही दिशांना तीच फिरते, त्यामुळे एका दिशेला फिरत असेल तर ती जिवंत आहे. दोष बहुतेक स्विचमध्ये असतो, कधी मुख्य स्विच आणि दाराच्या स्विचमधल्या वायरीत. खाली झरकन येते पण वर जाताना कण्हत जाते, हे मात्र वेगळं आहे. तो रबरचा किंवा थकत चाललेल्या मोटरचा विषय, पायरी ८ बघा.

दोन्हीकडून पूर्ण बंद: त्या दाराची वायर, मोटर किंवा मशीन.

आणखी एक. मुलांनी खेळ म्हणून काच सलग वर-खाली, वर-खाली केली असेल तर मोटर तापून आतलं संरक्षण वीज तोडतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघा. आपोआप सुरू झाली तर काही बिघडलेलं नाही.

३. बटण दाबा आणि कान द्या

म्युझिक, एसी, पंखा सगळं बंद. शक्य असेल तर संध्याकाळी करा, म्हणजे छताचा दिवाही बघता येईल.

काहीच आवाज नाही आणि छताच्या दिव्यात फरक नाही: वीज मोटरपर्यंत पोहोचत नाही, किंवा मोटरचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे तुकडे) घासून संपलेत. बटण धरून ठेवा आणि डोअर पॅडवर, खालच्या अर्ध्या भागात, मुठीने मऊ ठोसे द्या. त्यासरशी काच हलली तर कार्बन नीट टेकत नाहीत. अशी मोटर काही दिवस अजून चालते, मग कायमची थांबते. तेवढ्यात काच वर करून ठेवा.

छताचा दिवा किंचित मंद होतो, ‘टक्’ असा आवाज येतो, काच हलत नाही: मोटर जोर लावतेय पण काहीतरी अडलंय. बटण धरून बसू नका, अडलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि तापते.

मोटर गुंगुं करत फिरते, काच जागेवरच, मधूनच कडकड: मशीनची तार किंवा प्लास्टिकची पुली तुटली.

४. फ्यूज

पुस्तकातल्या तक्त्यात पॉवर विंडोचा फ्यूज शोधा. बहुतेक गाड्यांत तो स्टिअरिंगच्या खाली किंवा बॉनेटमध्ये बॅटरीशेजारच्या डब्यात असतो. चावी बंद करून चिमट्याने सरळ वर ओढा आणि उजेडात धरा. आतली पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली असेल तर उडाला.

फ्यूजच्या रंगाला अर्थ असतो: १० अँपियर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा-पारदर्शक, ३० हिरवा. जितक्याचा होता तितक्याचाच लावा. २० चा सारखा उडतो म्हणून ३० चा लावणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तांब्याची तार गुंडाळणं, याने फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत, कापडाला आणि फोमला लागून असते. अशी गाडी आतून धुरकटलेली मी पाहिली आहे. हे करू नका.

नवा फ्यूज लावताच उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे. दुसरा लावायच्या आधी पायरी ६ करा. काच वर चढताना उडाला तर मोटर किंवा रबर. रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच डब्यातला त्याच नंबरचा दुसरा रिले, समजा हॉर्नचा, काढून इथे लावून बघणं. नंबर तंतोतंत जुळला पाहिजे.

५. स्विच

ड्रायव्हरची खिडकी पावसात उघडी राहते, टोल द्यायला, पार्किंगची पावती घ्यायला, कोणाला पत्ता विचारायला. ते पाणी मुख्य स्विचवर पडतं. दोन सीटांच्या मधल्या स्विचवर पाण्यापेक्षा चहा जास्त सांडतो, आणि साखर वाळली की बटण चिकट होतं.

स्विच बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उचकटून वर येतो. खालचा कनेक्टर कळ दाबून काढा, वायर धरून ओढू नका. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसतो का बघा. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा थर फार लवकर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बटण पंचवीस-तीस वेळा दाबा, पाच मिनिटं वाळू द्या, मग जोडा. इथे सिलिकॉन स्प्रे नको, पिनांवर थर बसतो.

खात्री करायची तर मागच्या दोन दारांचे स्विच अदलाबदल करा. पुष्कळ गाड्यांत ते एकसारखे असतात. बिघाड स्विचबरोबर दुसऱ्या दाराला गेला तर स्विच दोषी, जुन्याच दाराला राहिला तर स्विच निर्दोष. याला एक रुपया लागत नाही.

६. दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी

ही पायरी मी सगळ्यात आग्रहाने सांगतो, कारण इथेच माझे ३,८०० रुपये गेले आणि इथे बघायला फार थोडे लोक वाकतात.

दार पूर्ण उघडा आणि बिजागरीच्या बाजूला बघा. गाडीच्या खांबातून दारात जाणारी, घड्या पडलेली काळी रबरी नळी दिसेल. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात: काच, लॉक, स्पीकर, आरसा. दार दरवेळी उघडताना-मिटताना त्या त्याच जागी वाकतात. दिवसातून वीस वेळा दार उघडलं तर वर्षाला सात हजारांवर वेळा. ड्रायव्हरचं दार सर्वात जास्त उघडतं, म्हणून तिथलीच वायर आधी जाते. काचेबरोबर त्याच दाराचं लॉक, स्पीकर किंवा आरसाही मधूनमधून बंद पडत असेल तर थेट इथे या.

आधी हत्याराविना परीक्षा. चावी ऑन, बटण ओढून धरा, दुसऱ्याला दार बंद ते पूर्ण उघडं असं सावकाश हलवायला सांगा. मग नळी मुठीत धरून हलकेच वाकवा, पिळा. काच एका क्षणासाठी जरी हलली तरी चोर सापडला.

आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि नळीचं एक टोक बोटांनी सोडवून मागे सारा. आत वायरींचा जुडगा असतो, कधी त्यावर कापडी पट्टी. टॉर्च जवळ धरून एकेक वायर वेगळी करा. मोटरच्या वायरी जुडग्यातल्या जाड वायरींपैकी असतात. फसगत इथे होते: वरचं प्लास्टिक अखंड दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. दोन चिमटींत वायर धरून हलका ताण द्या. अखंड वायर ताठ राहते. तुटलेली वायर त्या जागी रबरासारखी लांबते आणि बारीक होते. माझ्या गाडीत निळ्या वायरचं प्लास्टिक असं ताणल्यावर पांढुरकं पडलं. ते सोललं तर आत सात-आठ केसांएवढ्या तारा उरल्या होत्या, बाकीच्या तुटून हिरव्या-काळ्या झालेल्या.

पहिल्या गॅरेजचं निदान का चुकलं हे मला त्या तारा बघून कळलं. मल्टिमीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे एक तार जरी टेकत असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. मोटरला काही अँपियर लागतात, ते एवढ्याशा तारांतून जात नाहीत. म्हणून मीटरवर थांबू नका. डोअर पॅड काढल्यावर (पायरी ७) बॅटरी तेवढ्यापुरती जोडून मोटरच्या कनेक्टरवर २१ वॅटचा बल्ब लावा आणि बटण ओढा. लख्ख पेटला तर वायर चांगली, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर वाटेत खोट. नव्या मोटरने पंधरा दिवस काम का केलं? मोटर बसवताना दार ओढताणीत जुडगा हलला आणि तुटकी टोकं पुन्हा टेकली, एवढंच.

दुरुस्ती करताना नुसता पीळ देऊन पट्टी गुंडाळू नका. तुटलेला तुकडा कापून टाका, तितक्याच जाडीची, बारीक तारांची गाडीची वायर मध्ये जोडा, दोन्ही सांधे सोल्डर करा आणि वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा. घरच्या वायरिंगची एकतारी वायर इथे महिनाभरही टिकणार नाही. सांधा वाकणाऱ्या जागी येऊ देऊ नका, तो खांबाच्या किंवा दाराच्या आत सरकला पाहिजे. वायरला बोटभर सैलपणा ठेवा. शेजारच्या वायरीही ताणून बघा, एक तुटली म्हणजे दुसरी वाटेवर असते. नळी पुन्हा नीट खाचेत बसवा, नाहीतर पाणी आत शिरतं.

सोल्डरिंगचा हात नसेल तर इथवर तपासून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि तुटलेली जागा बोटाने दाखवा.

७. डोअर पॅड काढणं

इथवर काही सापडलं नाही तरच. बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर असतो.

स्क्रू लपलेले असतात: आतल्या हँडलच्या मागच्या छोट्या झाकणाखाली, हात ठेवायच्या खळग्यात, काही गाड्यांत आरशाजवळच्या तिकोनी पट्टीमागे. सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढू नका. मग खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा एकेक सोडवा आणि पॅड वर उचला. उचलताच दूर ओढू नका, मागे हँडलची तार आणि स्विचचा कनेक्टर असतो. पाच-सहा क्लिपा आधीच विकत आणून ठेवा, जुन्या दोन-तीन मोडतातच.

पॅडच्या मागे दाराला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. घाईत तो फाडून फेकणारे मेकॅनिक मी पाहिलेत. तो टाकाऊ नाही! काचेवरून दाराच्या आत उतरणारं पाणी तो केबिनमध्ये येऊ देत नाही. हळूच सोलून बाजूला करा आणि काम झाल्यावर पूर्ण कडेने चिकटवा. फाटला असेल तर जाड प्लास्टिक त्याच मापाने कापून लावा. दुरुस्तीनंतर पावसात पायाखालची चटई ओली होत असेल तर कारण हेच.

दार उघडं आहे तोवर तळाची कडही बघा. पाणी बाहेर जायला तिथे दोन-तीन फटी असतात. चिखल, पानं अडकून त्या बुजतात आणि दारात पाणी साठतं. दार उघड-मिट करताना आत डुचमळल्याचा आवाज आला तर झाडूची काडी घालून फटी मोकळ्या करा. पाण्यात बसलेल्या मोटरला नवी मोटर हे उत्तर नाही, तीही तशीच गंजेल.

८. मोटर, मशीन की रबर?

मोटरचा कनेक्टर काढा. दोनच वायरी असतील तर बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरी क्षणभर मोटरला टेकवा, मग उलट्या करून टेकवा. दोन्ही दिशांना जोरात फिरली तर मोटर चांगली. मुळीच फिरली नाही तर गेली. कनेक्टरला चार-सहा वायरी असतील तर मोटरला लागून इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, तिला थेट वीज देऊ नका, जळेल. ते काम स्कॅनर (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधला बिघाड वाचणारं यंत्र) असलेल्याकडे न्या.

या वेळी दारात हात घालू नका, आणि मूल गाडीत नसू दे. मशीनची पाती बोट कापू शकतात. मोटर मशीनवरून सोडवायच्या आधी काच वर करून चिकटपट्टीने बांधा, नाहीतर ती धाडकन खाली जाते.

मोटर फिरते पण काच नाही, तर मशीन बघा. तारेच्या मशीनमध्ये तार उसवते किंवा प्लास्टिकची पकड फुटते. नुसती तार बांधून देणारे असतात, पण ते फार टिकत नाही. पूर्ण मशीन घ्या.

मोटर आणि मशीन दोन्ही ठीक, तरी काच रडत चढते, तर रबर. खाचेत वर्षानुवर्षांची धूळ आणि पावसाचा चिखल बसून सिमेंटसारखा होतो. काच खाली करून प्लास्टिकच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळून खाच दोन-तीनदा पुसा, वाळू द्या, सिलिकॉन स्प्रे मारा आणि काच चार-पाच वेळा फिरवा. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांतलं काहीही लावू नका. रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. पुष्कळ ‘मरायला टेकलेल्या’ मोटरी एवढ्याने ठीक झालेल्या मी पाहिल्यात.

बोट अडकू नये म्हणून काच आपोआप उलटी फिरायची सोय ज्या गाड्यांत असते, त्यांत खाच घट्ट झाली की काच वर जाऊन स्वतःच खाली येते. तिथेही आधी रबर साफ करा.

९. बॅटरी बदलल्यावर एका झटक्यात वर-खाली होत नाही?

हा बिघाड नाही. बॅटरी काढली की ऑटो काचेचा मेंदू शेवटची जागा विसरतो. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण आणखी काही सेकंद ओढून धरलं की ती पुन्हा शिकते. तुमच्या गाडीची नेमकी पद्धत पुस्तकात आहे.

१०. गॅरेजला किंवा दुकानात जाताना

"काच चालत नाही" एवढंच सांगू नका. पायरी २ चा कागद दाखवा. "फ्यूज ठीक आहे, मागचा स्विच बदलून पाहिला, बल्ब मिणमिणतो," असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला उगाच मोटर विकायला कोणी धजत नाही. पार्ट बदलला तर जुना परत मागा, आणि बिलावर पार्टचं नाव व वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

दुकानात जुना पार्टच घेऊन जा. पुण्यात नाना पेठेत मी नेहमी तसंच करतो. पुढची-मागची, डावी-उजवी मशीन वेगळी असते. डावी-उजवी नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मोजतात, गाडीसमोर उभं राहून नाही. कनेक्टरचा आकार आणि पिनांची संख्या जुळवूनच पैसे द्या.

११. काच बिघडलेली असताना पाणी वाढलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली. पाणी चढलं की बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही, आणि भिजलेल्या विजेचा भरवसा नसतो. म्हणून गाडी पाण्यात अडकतेय असं वाटलं की सर्वात आधी सीटबेल्ट सोडा आणि काच खाली करा. बटण चालतंय तोवरच.

काचेचं काम पुढच्या महिन्यावर ढकललं असेल तर पावसाळ्यात निदान काच फोडायची हातोडी गाडीत ठेवा. पुढची मोठी काच तिने फुटत नाही, मध्ये प्लास्टिकचा थर असतो. दाराची काच फोडायची, मध्यावर नाही, कोपऱ्याजवळ. काही नव्या गाड्यांत दाराची काचही थराची असते, तेव्हा कोणती काच साधी टेम्पर्ड (बारीक तुकडे होऊन फुटणारी) आहे हे कोपऱ्यातला शिक्का वाचून आजच बघून ठेवा. हातोडी डिकीत नको, बेल्ट लावून बसल्यावर हाताला येईल अशी, ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात ठेवा.